उरलेले तुकडे गोळा करताना : वारसा मंडळांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही कॉर्नवॉलमधील स्थानिक वारसा मंडळांची ओळख करून देणारे एक टिपण छापले होते. त्यावर नागपूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. ज्यांनी ते टिपण वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती अशी : ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकाला, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्ह्ज या मच्छीमारांच्या गावी १९२० मध्ये रॉबर्ट मॉर्टन नान्स यांच्या पुढाकाराने पहिली ‘ओल्ड कॉर्नवॉल सोसायटी’ स्थापन झाली. पाहता पाहता इतर गावांतही तशीच मंडळे निघाली आणि १९२४ मध्ये त्या सर्वांचा महासंघ झाला. कॉर्निश भाषेचे अभ्यासक हेन्री जेनर हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. आज या महासंघात चाळीसच्या आसपास मंडळे आहेत. त्यांचे ब्रीदवाक्य बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातून घेतलेले आहे. त्याचा आशय असा, की उरलेले तुकडे गोळा करा, म्हणजे काहीच वाया जाणार नाही.

महाल येथील एक वाचक विचारतात : ही मंडळे वर्षभर नेमके काय करतात? आमच्या भागात दोन-तीनदा ‘हेरिटेज वॉक’ झाला. लोक हौसेने आले, छायाचित्रे काढली, चहा घेतला आणि पांगले. पुढे काही झाले नाही.

व्याख्याने आणि पायी फेऱ्या तिकडेही होतातच, आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. तिकडच्या हिवाळ्यात दिवस लहान असतो आणि पाऊसवारा सतत चालू असतो. त्यामुळे त्या काळात महिन्यातून एकदा गावच्या सभागृहात व्याख्यान ठेवतात. उन्हाळा आला की जुन्या खाणींची आवारे, पवित्र मानलेले झरे आणि प्रागैतिहासिक शिळावर्तुळे पाहत मंडळाचे लोक पायी हिंडतात. आपल्या फेऱ्यांत आणि त्यांच्या फेऱ्यांत मला दिसणारा मुख्य फरक असा, की फेरीत ऐकलेली गोष्ट त्यांच्याकडे फेरीबरोबर संपत नाही. महासंघाने १९२५ पासून स्वतःचे नियतकालिक काढले. कुठल्या शेताला काय नाव आहे, कुठल्या विहिरीविषयी काय बोलले जाते, कुठली म्हण कुठल्या गावात ऐकली, अशी पाच-दहा ओळींची टिपणे त्यात येत राहिली. एकेकटे पाहिले तर असे टिपण अगदी किरकोळ वाटते. शंभर वर्षांची साठवण झाल्यावर मात्र त्या मुलुखाविषयी काही लिहू पाहणाऱ्याला ते टाळून पुढे जाता येत नाही.

दुसरे काम दगडांचे. कॉर्नवॉलमध्ये जुने दगडी क्रूस शेकड्यांनी आहेत. त्यांपैकी कित्येक मधल्या काळात फाटकाचे खांब म्हणून किंवा ओढ्यावर पाय ठेवायला टाकलेल्या फरश्या म्हणून वापरले गेले. मंडळांच्या सभासदांनी असे क्रूस हुडकून काढले, शेतमालकाची समजूत घातली आणि त्यांची पुन्हा नीट उभारणी करण्याला हातभार लावला.

तिसरे काम प्रथांचे, आणि ते अधिक देखणे आहे. २३ जून रोजी, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, टेकड्यांवर होळ्या पेटवण्याची जुनी रीत तिकडे मोडीत निघाली होती. मंडळांनी १९२९ मध्ये ती पुन्हा सुरू केली. पश्चिमेला लँड्स एंडजवळच्या चॅपल कार्न ब्रे टेकडीवर पहिली होळी पेटते, ती दिसली की पुढच्या टेकडीवरची, असे करीत ही रांग पूर्व सीमेजवळच्या किट हिलपर्यंत नेण्याची कल्पना आहे. होळीसमोर एक स्त्री रानफुलांची आणि पाल्याची जुडी घेऊन उभी राहते. त्या जुडीत गुणकारी मानलेल्या वनस्पती असतात, तसेच काटेरी आणि उपद्रवी तणही असते, आणि ती वेगवेगळ्या रंगांच्या फितींनी बांधलेली असते. कॉर्निश भाषेतील शब्द उच्चारून ती जुडी आगीत टाकतात. सुगीच्या अखेरीस आणखी एक विधी होतो. शेतातील पिकाची शेवटची मूठ कापून कापणारा ती डोक्यावर उंच धरतो आणि ‘मला मिळाली’ असे तीनदा ओरडतो. बाकीचे ‘काय मिळाले’ म्हणून तीनदा विचारतात आणि तो त्या मुठीचे नाव तीनदा सांगतो. ही रीतही मंडळांनीच जागती ठेवली आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र होळीपेक्षा त्या टिपणांत अधिक आहे. पुढची फेरी काढाल तेव्हा दोन माणसांकडे केवळ लिहून घेण्याचे काम द्या. जुम्मा दरवाज्यापाशी, ज्याला आज आपण गांधी गेट म्हणतो, फेरी थांबली आणि एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराने तेथील बाजाराची काही आठवण सांगितली, तर त्याचे नाव, अंदाजे वय, तो तेथे किती वर्षांपासून आहे आणि सांगितलेली गोष्ट त्याने स्वतः पाहिली की वडिलांकडून ऐकली, हे त्याच दिवशी कागदावर उतरवा. शुक्रवारी तलाव गोंड राजा चांद सुलतानाने बांधवला हे पुस्तकांत सापडेल. पण त्या तलावाच्या कुठल्या घाटावर कोणत्या वस्तीतील बायका धुण्याला जात आणि ते कधी बंद झाले, हे सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. फेरीसाठी रविवारची वाट पाहता येते, या माणसांसाठी पाहता येत नाही.

जुनी शुक्रवारी येथील एक वाचक लिहितात : आमचा वाडा शंभरावर वर्षांचा आहे. चार भावांच्या वारसांत त्याची वाटणी झाली असून आता बिल्डरशी करार झाला आहे. दिवाळीनंतर पाडकाम सुरू होईल. वाडा वाचवणे आमच्या हातात राहिलेले नाही. तरीही काही करता येण्यासारखे आहे का?

आपल्या पत्रात कुठेही कुणाला दोष दिलेला नाही, याबद्दल आपले मनापासून कौतुक वाटते. गळके छप्पर, भाडेकरूंचे तंटे आणि वाटणीचे खटले सोसत जुना वाडा सांभाळणे किती कठीण असते, हे बाहेरून हळहळणाऱ्यांना सहसा कळत नाही.

सर्वांत आधी एक खात्री करून घ्यावी. शहराच्या वारसा यादीत आपल्या वाड्याचे नाव आहे किंवा कसे, हे महानगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारावे. नाव असेल तर वारसा संवर्धन समितीच्या परवानगीवाचून त्याला हात लावता येत नाही, आणि मग पुढचा विचार वेगळा होईल. नाव नसेल तर दिवाळीपर्यंतचा वेळ हीच आपली पुंजी समजा.

मोजमापाने सुरुवात करावी. शहरातील वास्तुकला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी अशा जुन्या वास्तू हव्याच असतात. त्यांच्याकडून प्रत्येक मजल्याचा आराखडा आणि निदान एक उभा छेद काढून घ्यावा. छायाचित्रे घेताना सुंदर दिसणाऱ्या कोपऱ्यांमागे न धावता क्रम ठरवून घ्यावीत : आधी रस्त्यावरून दर्शनी बाजू, मग ढेलज, ओसरी, चौक, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, जिना, माडी, सांदवाडी आणि परसू. प्रत्येक भिंतीचे छायाचित्र समोरून घ्यावे आणि चित्रात मोजपट्टी किंवा खुणा केलेली काठी उभी ठेवावी, म्हणजे वाडा गेल्यावरही खांबाची उंची काढता येईल. भोसलेकालीन धर्तीच्या वाड्यांत खांबांच्या माथ्यावर आणि महिरपींत केळफुलाचे कोरीव काम असते. ते असेल तर अगदी जवळून, बाजूने उजेड पडत असताना टिपावे.

यापुढचे काम विद्यार्थी करू शकणार नाहीत, ते आपल्या घरातल्यांनीच करावयाचे आहे. चारही भावांच्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना, त्या आता फ्लॅटमध्ये राहत असल्या तरी, एक दिवस वाड्यात आणावे आणि खोलीखोलीतून त्यांच्याबरोबर हिंडावे. बंगई कोणत्या तुळईला टांगलेली होती, बाळंतिणीची खोली कोणती, दळणाचे जाते कुठे होते, कोणत्या कोनाड्यात दिवा लागत असे, विहिरीचे पाणी कोणाला भरू दिले जाई आणि कोणाला नाही, हे सारे त्यांना ठाऊक असते. शेवटचा प्रश्न अडचणीचा आहे, तरीही तो विचारावाच. वाड्याची हकीकत केवळ मालकांच्या वैभवाची नोंद होऊ नये. तेथे राबणाऱ्या, दाराबाहेर थांबवल्या गेलेल्या माणसांचीही ती हकीकत आहे. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि सुरुवातीलाच तारीख, ठिकाण व बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्याच तोंडून घ्यावे.

पाडकामाच्या दिवसांत घरातील एकाने तेथे थांबावे. सागवानी खांब आणि तुळया उतरवताना सुताराने जोडणीसाठी केलेल्या, एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसू शकतात. मिस्त्रीला विचारले तर तो थांबून सांधा कसा बसवला आहे हे दाखवतो, असा अनुभव अनेकांनी सांगितला आहे. लाकूड कोणाला विकले, दार कुठे गेले, हेही लिहून ठेवावे.

कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे चांगल्या हेतूनेच फार नुकसान होते. आखीव पत्रिका, जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे, जमाखर्चाच्या वह्या, लग्नपत्रिका, दुकानांची बिले यांतील काहीही फालतू समजू नये. कागद मोडी लिपीत असेल तर तो वाचता येत नाही म्हणून बाजूला टाकू नये; मोडी वाचणारी माणसे विदर्भात आजही आहेत. मात्र कोणताही जुना कागद लॅमिनेट करू नका आणि त्याला चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा मोकळा करणे जवळजवळ अशक्य असते, आणि पट्टीचा गोंद काही वर्षांत कागदावर तपकिरी डाग पाडतो. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, कागद सपाट करून स्वच्छ सुती कापडात गुंडाळावेत, म्हणजे आपल्या आज्यापणज्यांनी दप्तरे जशी बासनात बांधली तसेच, आणि जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावेत. स्कॅनच्या प्रती निदान दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. त्यांतील एक प्रत घराबाहेर, एखाद्या ग्रंथालयात किंवा संशोधन संस्थेत असावी.

कॉर्नवॉलच्या मंडळांचे काम नेमके या प्रकारचे आहे. गेलेली प्रत्येक इमारत त्यांनाही वाचवता आली नाही, परंतु ती कशी होती हे सांगता येईल एवढे पुष्कळ त्यांनी जपले आहे.

इतवारी येथील एक वाचक विचारतात : होळ्या पेटवण्याची रीत कॉर्नवॉलच्या मंडळांनी पुन्हा सुरू केली, असे टिपणात होते. आमच्या भागातून दरवर्षी मारबतीची, म्हणजे अनिष्टाचे प्रतीक मानलेल्या स्त्रीरूपी पुतळ्याची, मिरवणूक निघते. वारसा मंडळाने अशा उत्सवात हात घालावा का?

माझे स्पष्ट मत आहे की घालू नये. कॉर्नवॉलमधील रीत बंद पडली होती, म्हणून तिला कोणीतरी पुन्हा उभे करावे लागले. त्या होळीच्या विधीची आजची मांडणीही बरीचशी पुनरुज्जीवन करणाऱ्यांनीच केली आहे. १९२९ मध्ये खेड्यातील माणसे कॉर्निश बोलत नव्हती, त्यामुळे आगीसमोर म्हटले जाणारे शब्द अभ्यासकांनीच दिलेले आहेत. नागपूरच्या मारबतीला अशा आधाराची गरज नाही. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगितले जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी आजही रस्ता दुमदुमवते. तिच्या समित्या आहेत, मूर्ती करणारी घराणी आहेत, नवस बोलणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या कामात वारसा मंडळाने सल्लागार म्हणून शिरणे मला उचित वाटत नाही.

नोंद ठेवण्याचे काम मात्र कोणी नेटाने केलेले दिसत नाही, आणि ते मंडळाने जरूर करावे. मारबतीबरोबर निघणाऱ्या बडग्यांकडे, म्हणजे पुरुषरूपी पुतळ्यांकडे, पाहा. दरवर्षी त्या त्या वेळचा राग बडग्यावर निघतो : महागाई, भ्रष्टाचार, रोगाची साथ, कधी एखादा पुढारी, कधी परदेशी शत्रू. कोणत्या वर्षी कोणत्या मोहल्ल्याचा कोणता बडग्या होता आणि त्याच्या गळ्यातील पाटीवर काय लिहिले होते, याची सलग नोंद झाली असती, तर शहरातील सामान्य माणूस कशावर चिडला होता याचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा लेखाजोखा आज आपल्या हाती असता. जुने फोटो स्टुडिओ, वर्तमानपत्रांची दप्तरे आणि घरातील अल्बम यांतून त्याचा काही भाग अजूनही जमवता येईल. या वर्षीपासूनची नोंद तर विनाखर्च सुरू करता येईल. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा कसा बांधतात, कागद कोणत्या क्रमाने चढतो, रंग कोण देते, हेही मूर्तिकाराच्या सवडीने, त्याच्या परवानगीने टिपावे.

काळ्या मारबतीचा संबंध भोसले घराण्यातील बाकाबाईशी आणि तिने इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीशी जोडला जातो. ही कथा निरनिराळ्या घरी निरनिराळ्या तपशिलांनी सांगितली जाते. मंडळाने त्यांतील खरी कोणती याचा निवाडा करायला बसू नये. प्रत्येक कथन सांगणाऱ्याच्या नावासह वेगवेगळे लिहून घ्यावे. सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली आणि नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, हे कागदोपत्री सिद्ध आहे. पण त्या घटनांचा सल लोकांनी किती काळ आणि कोणत्या रूपात मनात बाळगला, हे अशा कथांवाचून कळण्याला दुसरा मार्ग नाही.

रामटेक तालुक्यातील एक शिक्षिका लिहितात : आमच्या शाळेतील बरीच मुले गोंडी घरांतून येतात. कॉर्निश भाषा मेलेली असताना पुन्हा उभी राहिली, असे वाचले. वारसा मंडळाकडून गोंडीसाठी काही होऊ शकते का?

होऊ शकते, पण दोन्ही भाषांची स्थिती फार वेगळी आहे हे आधी लक्षात घ्यावे. माउसहोल गावची डॉली पेंट्रीथ १७७७ मध्ये वारली आणि कॉर्निश मातृभाषा असलेली ती शेवटची, असे परंपरेने सांगतात. त्यानंतर जेनर यांनी १९०४ मध्ये त्या भाषेचे शिकवणीपुस्तक लिहिले, नान्स यांनी शब्दकोशांचे काम पुढे नेले आणि अखेर २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेखाली तिला मान्यता दिली. गोंडी बोलणारे मात्र २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख होते. तिला जिवंत करण्याचा प्रश्नच नाही. ती घराबाहेर बोलताना मुलांना संकोच वाटू नये, हा खरा प्रश्न आहे.

नान्स यांच्या एका कामाकडे आपले लक्ष वेधतो. कॉर्निश बोलणारे उरले नव्हते तरी मच्छीमारांच्या रोजच्या इंग्रजी बोलण्यात होड्या, जाळी, मासे, वारा आणि लाटा यांसाठी जुने शब्द टिकून होते. नान्स यांनी ते बंदरांवर हिंडून, माणसांशी बोलून वर्षानुवर्षे टिपले. ते १९५९ मध्ये निवर्तले आणि १९६३ मध्ये महासंघाने तो संग्रह पुस्तकरूपाने छापला. भाषा कामाच्या शब्दांत सर्वांत चिवटपणे टिकते, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या मुलांना घरी जाऊन असेच शब्द आणायला सांगा : मोहफुले वेचताना आजी काय म्हणते, नांगराच्या कोणत्या भागाला काय नाव आहे, पावसाच्या कोणत्या सरीला काय म्हणतात, जंगलातील कोणती वाट कोणत्या नावाने ओळखली जाते. शब्दाबरोबर तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. मुले सध्या देवनागरीत लिहीत असतील तर देवनागरीतच लिहू द्यावे. तयार झालेल्या वहीची एक प्रत गावातच राहिली पाहिजे, कारण तो ठेवा गावाचा आहे, मंडळाचा किंवा शाळेचा नाही.

नागपूरकरांनीही हे आपले काम मानावे असे मला मनापासून वाटते. हे शहर अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने वसवले. शहराच्या वारशाच्या गोष्टी भोसल्यांपासून सुरू करण्याची सवय आपल्याला लागली आहे, ती सुटायला हवी.

मनसर परिसरातील, मॅंगनीज खाणीतून निवृत्त झालेले एक वाचक विचारतात : वारसा म्हटले की किल्ले, मंदिरे आणि राजवाडे. आमच्यासारख्यांनी आयुष्य खाणीत काढले. त्याला कोणी वारसा म्हणेल का?

कॉर्नवॉलमध्ये तर सर्वांआधी त्यालाच म्हणतात. तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणींवर तो मुलूख उभा राहिला. समुद्रकाठच्या कड्यांवर ग्रॅनाइटच्या उंच भिंतींची आणि एका कोपऱ्यात धुराडे असलेली इंजिनघरे आजही उभी आहेत. लेव्हंट नावाच्या खाणीतील १८४० सालचे वाफेचे इंजिन खाण बंद पडल्यावर भंगारात जाणार होते. ते वाचवण्यासाठी १९३५ मध्ये काही नागरिकांनी समिती स्थापन केली, आणि आज ट्रेव्हिथिक सोसायटी म्हणून ओळखली जाणारी संस्था त्यातूनच उभी राहिली. त्या इंजिनाची स्वयंसेवकांनी दुरुस्ती केली आणि १९९३ मध्ये ते पुन्हा वाफेवर चालू लागले. पुढे २००६ मध्ये युनेस्कोने कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनचा खाणप्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्याच लेव्हंट खाणीत २० ऑक्टोबर १९१९ रोजी कामगारांना वर-खाली नेणारे यंत्र तुटून ३१ माणसे दगावली, ती आठवणही तेथील लोकांनी पुसू दिलेली नाही. ज्या इंजिनाचे कौतुक होते त्याच आवारात त्या मृतांचेही स्मरण होते, हे मला फार योग्य वाटते.

आपल्या देशाचाही या इतिहासाशी संबंध आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी चालवू लागली तेव्हा कॉर्नवॉलचे अनेक खाणकामगार तेथे आले.

आपल्या भागाचे म्हणाल तर मध्यप्रांतात मॅंगनीज शोधणारी कंपनी १८९६ मध्ये निघाली आणि तिच्याच वारशावर पुढे १९६२ मध्ये मॉइल ही मॅंगनीज काढणारी सरकारी कंपनी उभी राहिली. मनसरला लोक वाकाटककालीन अवशेष पाहायला येतात आणि त्याच गावच्या खाणीकडे पाठ फिरवून परततात. आपण आणि आपले सहकारी यांनी हजेरीकार्डे, वेतनचिठ्ठ्या, संघटनेच्या पावत्या, दिवे, शिरस्त्राणे, कॅंटीनची कुपने जमवायला आरंभ करावा. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर वस्तू कोणाची, त्याने ती कोणत्या वर्षांत वापरली, कोणी दिली आणि कधी दिली, एवढे पेन्सिलीने लिहावे, कारण ओल लागली की शाई पसरते, पेन्सिलीचे अक्षर टिकते. चिठ्ठी नसलेला दिवा नुसता दिवा असतो. खाणीच्या तोंडाशी बसून खनिज फोडणाऱ्या आणि निवडणाऱ्या बायकांना विसरू नये. कॉर्नवॉलमध्येही हातोड्याने खनिज फोडण्याचे काम बायका आणि मुली करीत, आणि त्यांच्याविषयी आज तेथे आवर्जून बोलले जाते. आपल्याकडील त्या बायकांची नावे कोणत्याही नोंदवहीत ठळक नाहीत. ती त्यांच्या मुलाबाळांकडूनच मिळतील.

हेच एम्प्रेस मिलच्या कामगारांनाही सांगावेसे वाटते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या त्या गिरणीचे नाव सर्वांना ठाऊक आहे, तिच्या पाळ्यांत राबलेल्या घरांची हकीकत मात्र विखुरलेली आहे. मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या, रेल्वेचे संग्रहालय आहे. कामाच्या जागेचा वारसा नागपूरकर आवडीने पाहतात, हे तेथे गेल्यावर दिसते.

धरमपेठ येथील एक वाचक विचारतात : मंडळ स्थापन करायचे तर नोंदणी, घटना, पैसा यांची सुरुवात कशी करावी?

घाई करू नये, एवढेच पहिल्यांदा सांगतो. सात माणसे, एक वही आणि महिन्यातील ठरलेला एक वार एवढ्यावर एक-दोन वर्षे काम चालवावे. त्या काळात जी माणसे टिकतील त्यांनाच घेऊन पुढे जावे. त्यानंतर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करता येते. संस्था नोंदणीला निदान सात सभासद लागतात. वर्गणी एवढी ठेवावी की निवृत्त शिपायालाही ती देता येईल. मोठी देणगी इमारतीसाठी घेण्यापेक्षा स्कॅनर, कपाट आणि छपाई यांच्यासाठी घ्यावी.

घटना लिहिताना एक कलम मात्र काळजीपूर्वक घालावे. संस्था बंद पडली तर तिची मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते, हे कायद्यातच आहे. पण कोणत्या संस्थेकडे, हे ऐनवेळी भांडणात ठरते आणि तोवर कपाटातील कागदांना वाळवी लागते. म्हणून आपल्या नोंदी, ध्वनिमुद्रणे आणि कागद कोणत्या ग्रंथालयाकडे किंवा संशोधन संस्थेकडे जातील हे पहिल्याच वर्षी ठरवावे, त्या संस्थेचे संमतिपत्र घ्यावे आणि तिचे नाव घटनेत लिहावे.